वेगवेगळ्या जाडीचे पाइप जोडताना: वेल्डिंगपूर्वी टोके कशी तयार करावीत

गोव्यातील फॅब्रिकेशन शेडमध्ये, मग ती वेर्ण्याची असो, कुंडईची असो की वास्कोची, आयटीआयमधून नव्याने आलेल्या फिटरच्या हाती पहिल्या काही महिन्यांतच एक जोड हमखास येतो. एका बाजूला सहा इंची शेड्यूल ४० चा पाइप असतो (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीचा क्रमांक) आणि दुसऱ्या बाजूला त्याच मापाचा शेड्यूल ८० चा एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा. बाहेरून पाहिले तर दोन्ही टोके तंतोतंत जुळतात, बेव्हल (तिरप्या कापलेल्या कडा) समोरासमोर बसतात आणि टॅक (जागेवर धरणारा छोटा वेल्ड) मारायला काहीच हरकत दिसत नाही. अडचण आत असते, आणि ती बाहेरून दिसत नाही म्हणूनच महाग पडते.

एकाच नाममात्र मापाच्या सर्व शेड्यूलचा बाहेरील व्यास सारखाच ठेवलेला असतो. जाडी वाढते ती आतल्या बाजूला. सहा इंची पाइपचा बाहेरील व्यास १६८.३ मिमी आहे. शेड्यूल ४० ची जाडी ७.११ मिमी आणि शेड्यूल ८० ची १०.९७ मिमी, म्हणजे जोडाच्या आत सगळीकडून ३.८६ मिमीची पायरी उभी राहते. आठ इंचीमध्ये हाच फरक ४.५२ मिमी होतो. ही पायरी वेल्डच्या धातूने झाकायची नसते. ती जाड टोकावरून कापून काढायची असते, आणि किती, कुठे व कोणत्या उताराने कापायची हे फिट-अपच्या, म्हणजे टोके जुळवून टॅक करण्याच्या, आधी कागदावर ठरलेले असावे लागते. या लेखात ते काम क्रमाने मांडले आहे.

पायरी राहिली तर काय होते

दोन्ही टोकांना आपापल्या जाडीनुसार ३७.५ अंशांचा बेव्हल आणि १.६ मिमीची लँड (बेव्हलखाली राखलेली सरळ कड) दिली आहे असे समजा. पातळ पाइपची लँड बाहेरच्या पृष्ठभागापासून ५.५ ते ७.१ मिमी खोलीवर येते, तर जाड एल्बोची लँड ९.४ ते ११ मिमी खोलीवर. म्हणजे दोन लँड एकमेकींसमोर येतच नाहीत. पातळ पाइपच्या कडेसमोर एल्बोचा तिरपा बेव्हल असतो, आणि जाड बाजूच्या लँडशी तुम्ही ३ मिमीची गॅप ठेवली असली तरी पातळ पाइपच्या आतल्या कडेपाशी ती प्रत्यक्षात सुमारे ४.७ मिमी भरते. वेल्डर तिथे आर्क धरतो, पातळ कड लगेच वितळते, आणि खाली लोंबणारा जाड बाजूचा कोपरा न वितळताच राहतो. जाड भाग उष्णता ओढून घेतो, त्यामुळे अनुभवी हातालाही हा रूट (वेल्डचा तळाचा पहिला थर) सावरत नाही.

हा धडा मला स्वतःच्या चुकीतून मिळाला. फिटर म्हणून काम करीत असताना एका कारखान्याच्या लाइनवर मी असे अनेक जोड बाहेरचे माप जुळवून टॅक केले होते. एक्स-रे फिल्मवर प्रत्येक जोडात रूटलगत एक सरळ काळी रेघ आली. ती पायरीची सावली आहे की फ्यूजनचा (धातू वितळून एकजीव होण्याचा) अभाव, यावर दोन दिवस चर्चा झाली. शेवटी एक जोड कापून पाहिला तेव्हा जाड बाजूची कड जवळजवळ अर्ध्या परिघात कोरीच निघाली. सगळे जोड कापावे लागले. वेल्डरचा त्यात काही दोष नव्हता. टोके मी चुकीची दिली होती.

रूट नीट बसला तरी पायरी त्रास देतेच. पाइपच्या लांबीतून जाणारे बल भिंतीच्या मध्यातून जाते, आणि इथे दोन भिंतींचे मध्य एकमेकांपासून सुमारे १.९ मिमी सरकलेले असतात; त्यामुळे जोडावर ताणाबरोबर वाकही येतो आणि धारदार कोपऱ्यात ताण एकवटतो. वाहत्या द्रवात पायरीमागे भोवरे होतात आणि झीज तिथेच सुरू होते. औषधनिर्मितीच्या स्टेनलेस स्टील लाइनमध्ये त्या खाचेत उत्पादनाचा अंश अडकून राहतो, आणि आपल्याकडे वेर्ण्यात अशा लाइनचे काम भरपूर असल्यामुळे ही गोष्ट तितकीच गंभीरपणे घेतली पाहिजे.

आधी नियम, मग माप

वास्कोत गोवा शिपयार्ड १९५७ पासून उभे आहे, आणि त्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळ वेल्डर-फिटरांचे हात जहाजाच्या कामावर बसलेले आहेत. जहाजावर वर्गीकरण संस्थेचा सर्व्हेअर मंजूर नकाशाप्रमाणे जोड तपासतो. तोच माणूस पुढे रासायनिक कारखान्यात आला की त्याला एएसएमई या अमेरिकन संस्थेचा बी ३१.३ हा पाइपिंग कोड लागू होतो, वीजनिर्मितीच्या पाइपला बी ३१.१, तेलाच्या लाइनला बी ३१.४ आणि गॅसच्या लाइनला बी ३१.८, बॉयलरच्या वाफेची लाइन असेल तर आयबीआरची (भारतीय बॉयलर नियमांची) मंजुरी आलीच. सवय एका नियमाची आणि काम दुसऱ्या नियमाचे, असे झाले की चूक होते. म्हणून स्पूलच्या (शेडमध्ये आधी जोडून तयार केलेल्या पाइपच्या भागाच्या) नकाशावर कोणता कोड लिहिला आहे आणि वेल्डिंग प्रोसिजरमध्ये (वेल्डिंगच्या लिखित कार्यपद्धतीत) आतील तफावतीची कोणती मर्यादा दिली आहे, हे सर्वांत आधी पाहावे.

या मर्यादा सारख्या नाहीत. बी ३१.१ मध्ये आतील तफावत २ मिमीच्या वर गेली की आत पुढे आलेली भिंत छाटावी लागते. बी ३१.४ आणि बी ३१.८ मध्ये तफावत २.४ मिमीपर्यंत असेल तर, पूर्ण पेनिट्रेशन (वेल्ड तळापर्यंत पोहोचणे) आणि फ्यूजन मिळत असल्यास, वेगळी तयारी लागत नाही. बी ३१.३ ही मर्यादा वेल्डिंग प्रोसिजर आणि डिझाइनवर सोपवते. प्रत्यक्षात बहुतेक प्रोसिजरमध्ये १.५ मिमी लिहिलेले आढळते. आपल्या ३.८६ मिमीच्या पायरीला यांपैकी कोणताच नियम तसेच सोडत नाही.

यानंतर माप घ्यायचे, आणि ते पाइपवर छापलेल्या शेड्यूलवरून नव्हे. सीमलेस पाइपची जाडी नाममात्र जाडीपेक्षा १२.५ टक्क्यांपर्यंत कमी असू शकते, म्हणजे ७.११ मिमीचा पाइप एखाद्या जागी ६.२२ मिमी भरला तरी तो नियमात बसतो. चार इंचांच्या वरच्या आणि आठ इंचांपर्यंतच्या पाइपच्या बाहेरील व्यासालाही अधिक १.६ आणि उणे ०.८ मिमीची सूट आहे. त्यामुळे दोन्हीकडे शेड्यूल ४० असले तरी आत तफावत निघू शकते, आणि शेड्यूल वेगळे असेल तर ती तक्त्यापेक्षा कमी-अधिक भरते.

दोन्ही टोकांवर घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे आठ जागी खडूने खुणा कराव्यात. प्रत्येक जागी अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने जाडी घ्यावी, आतील व्यास चार दिशांनी मोजावा आणि बाहेरील व्यासही लिहून ठेवावा. वहीत नुसती सरासरी न लिहिता सर्वांत कमी जाडी कुठे आहे हेही लिहावे. पुढे बोअर करताना (आतून कापून व्यास वाढवताना) आणि फिट-अप करताना ती जागा कामी येते. रंग असलेल्या जागी तो खरवडून माप घ्यावे, नाहीतर मापक रंगाची जाडीही मिळवून दाखवतो.

खरेदीच्या वेळीच सुटणारी अडचण

वेल्ड नेक फ्लँज (पाइपला वेल्ड करायची मान असलेली बोल्टची चकती) मागवताना त्याचा बोअर कोणत्या शेड्यूलचा हवा हे ऑर्डरमध्ये लिहिता येते. बट वेल्ड टोकांचा (टोकाला टोक भिडवून वेल्ड करायचा) व्हॉल्व्हही जोडायच्या पाइपच्या शेड्यूलनुसार, एएसएमई बी १६.२५ प्रमाणे टोके तयार करून मिळतो. माझ्या पाहण्यातल्या असमान जाडीच्या जोडांपैकी बरेचसे या एका ओळीच्या अभावी निर्माण झालेले होते. स्टोअरमध्ये पडलेला जाड एल्बो वापरून टाकण्याचा मोह तर नेहमीचाच. तो वापरायला हरकत नाही, पण टर्निंगचा (लेथवर कापण्याचा) खर्च आणि वेळ धरूनच निर्णय घ्यावा. जाडीतील फरक फार मोठा असेल, तर मधल्या जाडीचा तयार ट्रान्झिशन तुकडा घालणे अधिक सोयीचे होते. पाइपलाइनच्या कोडमध्ये अशा तुकड्याची लांबी पाइपच्या व्यासाच्या निम्म्याहून कमी नसावी असे सांगितले आहे.

किती कापता येईल याचा हिशेब

जाड टोक आतून कापताना उरणारी जाडी डिझाइनच्या किमान जाडीखाली जाता कामा नये. हा आकडा नकाशावरून किंवा डिझाइन इंजिनिअरकडून घ्यायचा असतो, पण तो कुठून येतो हे फिटरलाही कळले पाहिजे. बी ३१.३ मध्ये सरळ पाइपसाठी दाब गुणिले बाहेरील व्यास, भागिले अनुज्ञेय ताण आणि एक छोटी दुरुस्ती यांच्या बेरजेची दुप्पट, असे सूत्र आहे. आपल्या सहा इंची लाइनचा दाब ४ मेगापास्कल म्हणजे सुमारे ४० बार धरला, साधे ए १०६ ग्रेड बी पोलाद घेतले आणि सामान्य तापमानाला त्याचा अनुज्ञेय ताण १३८ मेगापास्कल धरला, तर दाबासाठी २.४१ मिमी जाडी लागते. गंजासाठी ३ मिमी जोडले की किमान जाडी ५.४१ मिमी होते. एल्बोच्या वाकलेल्या भागासाठी कोडमध्ये वेगळा गुणक असतो. त्याचा हिशेब इंजिनिअरनेच करावा. खालचे उदाहरण समजण्यापुरते ५.४१ वरच चालवू.

पाइपचा मोजलेला सरासरी आतील व्यास १५४.६ मिमी निघाला आणि एल्बोचा बाहेरील व्यास १६८.० मिमी, असे समजा. एल्बो १५४.६ पर्यंत बोअर केला तर सरासरी ६.७ मिमी भिंत उरते. आता एल्बोचे आतले आणि बाहेरचे वर्तुळ ०.६ मिमीने एकमेकांपासून सरकलेले असेल, तर एका बाजूला ६.१ मिमीच उरतील. अजून आपण सुरक्षित आहोत.

इथे एक गोष्ट लक्षात येत नाही, आणि तिच्यापायी मी चांगले एल्बो वाया गेलेले पाहिले आहेत. लाँग रेडियस एल्बोला टोकाशी सरळ भाग जवळजवळ नसतो. तो पहिल्या मिलिमीटरपासून वळायला लागतो. आपला बोअर मात्र सरळ रेषेत आत जातो. त्यामुळे वळणाच्या बाहेरच्या पाठीवर भिंत बोअरच्या अक्षाकडे झुकत येते आणि तिथली उरलेली जाडी खोलीबरोबर घटत जाते. सहा इंची एल्बोच्या वळणाची त्रिज्या २२८.६ मिमी असते; त्यावरून हिशेब केला तर १० मिमी खोलीवर पाठीची भिंत सुमारे ०.१६ मिमीने कमी होते, २० मिमीवर ०.६४ मिमीने आणि २५ मिमीवर पूर्ण १ मिमीने. वरच्या उदाहरणातली ६.१ मिमीची जागा नेमकी पाठीवर आली आणि सरळ बोअर २५ मिमी खोल नेला, तर ५.१ मिमी उरतील, म्हणजे किमान जाडीच्या खाली. टोकावर माप घेतले तर ते बरोबर दाखवते. चूक आत दडलेली असते. म्हणून एल्बोमध्ये सरळ बोअर आखूड ठेवावा, आणि जाडी टोकाबरोबरच बोअर जिथे संपतो तिथेही, पाठीवर, बाहेरून मोजावी.

उताराची रचना

कापलेल्या भागाचे दोन तुकडे कल्पावेत. टोकाशी पाइपच्या आतील व्यासाइतका सरळ बोअर, ज्याला आपण काउंटरबोअर म्हणतो, आणि त्याच्यामागे मूळ जाडीपर्यंत चढत जाणारा उतार. बी ३१.४ आणि बी ३१.८ मध्ये हा उतार ३० अंशांहून अधिक नसावा आणि १४ अंशांहून कमी नसावा असे आहे. १४ अंश म्हणजे एकास चार. मी शक्य असेल तिथे एकास चारच देतो. ३.८६ मिमीच्या पायरीसाठी एकास चारचा उतार साडेपंधरा मिमी लांब होतो, तर ३० अंशांचा ६.७ मिमीच. एवढीशी लांबी वाढवून ताण जर सौम्यपणे वाहणार असेल, तर घाई कशासाठी करावी? फक्त एल्बो, टी किंवा आखूड हबचा (मानेचा) फ्लँज यांत जागा नसेल तेव्हा उतार तीव्र करावा.

केवळ उतार देऊनही काम भागते. सरळ बोअर असलाच पाहिजे असे नाही. पण सरळ बोअरमुळे वेल्डच्या दोन्ही बाजूंना भिंत सारख्या जाडीची मिळते, रूट नेहमीच्या जोडासारखाच मारता येतो आणि उताराचा कोपरा वेल्डच्या कडेपासून दूर जातो. जोडाची अल्ट्रासॉनिक तपासणी होणार असेल तर त्याची लांबी ठरवताना तपासनिसाला विचारावे. ७.११ मिमी भिंतीत ७० अंशांच्या प्रोबचा किरण आतल्या पृष्ठभागावर पोहोचेपर्यंत सुमारे १९.५ मिमी पुढे सरकतो. तो किरण उतारावर पडला तर भलत्याच दिशेला परततो आणि चांगल्या जोडात दोष असल्याचा भास होतो. सरळ पाइपच्या टोकावर त्यासाठी २० ते २५ मिमी सरळ बोअर देणे सोपे आहे. एल्बोवर ते धोक्याचे आहे हे वर पाहिलेच. तिथे १० मिमी सरळ आणि पुढे एकास चार उतार ठेवून तपासणी पाइपच्या बाजूने करण्याचे आधीच ठरवून घ्यावे.

आतील व्यास जुळतो पण बाहेरचा जुळत नाही, अशी परिस्थिती ओतीव व्हॉल्व्हच्या टोकांवर येते. पाइपलाइनच्या कोडप्रमाणे बाहेरील फरक पातळ भिंतीच्या निम्म्यापर्यंत असेल, तर वेल्डची कॅपच (वरचा शेवटचा थर) ३० अंशांच्या आत उतरती मारून दोन्ही कडा नीट वितळवल्या तरी चालते. त्याहून अधिक फरक असेल तर जाड बाजू बाहेरून घासून उतरती करावी. दोन्हीकडून फरक असेल तर दोन्हीकडे उतार द्यावा लागतो, आणि अशा वेळी आतील काम आधी पूर्ण करून बाहेरचे मागून केलेले बरे.

यंत्रावरचे काम

सर्वांत आधी हीट नंबर (धातूच्या घाण्याचा ओळखक्रमांक) पाहावा. तो कापल्या जाणाऱ्या भागावर असेल तर निरीक्षकासमोर मागे उतरवून घ्यावा. एकदा तो भाग भुसा होऊन पडला की त्या तुकड्याची ओळखच संपते.

गॅसने कापलेले टोक असेल तर जळालेला थर चमकदार धातू दिसेपर्यंत घासून काढावा आणि टोक काटकोनात आणावे. एपीआय ५ एल हे तेल-गॅसच्या पाइपचे मानक टोकाचा तिरकेपणा १.६ मिमीच्या आत मागते. हाच अंदाज इतरत्रही ठेवावा.

पाइपचे तुकडे आणि फ्लँज लेथवर सहज बसतात. एल्बोसाठी फेसप्लेटवर पकड बनवावी लागते किंवा आतून पकडणारे पोर्टेबल बेव्हलिंग मशीन वापरावे लागते. लहान शेडमध्ये ते नसते. मग भाड्याने आणावे किंवा तुकडे टर्निंगच्या दुकानात पाठवावेत, पण सोबत मापांचे रेखाचित्र दिल्याशिवाय पाठवू नये. टर्नर त्याच्या कामात निष्णात असतो, मात्र किमान जाडी किती हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मध्य जुळवताना डायल लावून तो बाहेरच्या व्यासावर जुळवावा. मूळ आतील वर्तुळ सरकलेले असेल आणि आपण त्याच्यावरच मध्य धरला, तर तीच चूक नव्या बोअरमध्ये उतरते आणि भिंत एका बाजूला पातळ होते.

क्रम असा ठेवावा: टोक काटकोनात फेस करावे, मग सरळ बोअर, मग उतार, मग बाहेरचा बेव्हल आणि सर्वांत शेवटी लँड. लँड बोअरच्या कडेपासून मोजली जाते. बेव्हल आणि लँड आधी करून मग बोअर केला तर बोअर लँडचाच घास घेतो आणि टोकाला सुरीसारखी धार उरते. बेव्हल बी १६.२५ प्रमाणे ३७.५ अंश, अडीच अंश कमी-जास्त, आणि लँड १.६ मिमी, ०.८ मिमी कमी-जास्त. समोरचा पाइप एपीआयचा असेल तर त्याचा बेव्हल ३० अंशांचा असतो. मग दोन बाजूंचे कोन वेगळे राहिले तरी वेल्डिंग प्रोसिजरला ते मान्य आहे का हे पाहावे. बोअर आणि उतार जिथे मिळतात तिथे धारदार रेघ राहू देऊ नये, टूलच्या नोकाला थोडी गोलाई द्यावी. शेवटचा कट हलका घ्यावा.

यंत्र उपलब्धच नसेल आणि फरक दीड-दोन मिमीचा असेल, तर डाय ग्राइंडर आणि कार्बाइड बरने हाताने उतार देता येतो. आतून निळा रंग लावून उताराची सुरुवात जिथे व्हायची तिथे स्क्रायबरने वर्तुळ काढावे, पत्र्याचा टेम्प्लेट करून घ्यावा आणि प्रत्येक चतुर्थांशानंतर जाडी मोजावी. चार मिमीची पायरी हाताने काढण्याच्या मी विरोधात आहे. हात थकतो, खड्डे पडतात, आणि मग ते खड्डे वेल्डने भरून घेण्याचा सल्ला कोणीतरी देतोच. स्टेनलेस स्टीलसाठी डिस्क आणि ब्रश पूर्णपणे वेगळे ठेवावेत. साध्या पोलादावर वापरलेली डिस्क तिथे लागली की लोखंडाचे कण रुततात आणि त्या जागी गंज धरतो.

काम झाल्यावर पुन्हा त्याच आठ जागी जाडी, चार दिशांनी बोअर आणि टेम्प्लेटने उतार तपासून आधीच्या मापांशेजारी लिहावे. यंत्राने कापलेल्या नव्या पृष्ठभागावर डाय पेनिट्रंट (रंगीत द्रवाने चिरा दाखवणारी) तपासणी करावी, कारण धातूत दडलेला पदर किंवा चीर कापल्यावरच उघडी पडते.

आपला पावसाळा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत, आणि मुरगावच्या खाऱ्या वाऱ्यात तर वर्षभरच, तासलेले पोलाद उघडे ठेवणे म्हणजे केलेले काम परत करायची तयारी ठेवणे. सकाळी टर्निंग होऊन आलेल्या टोकावर संध्याकाळपर्यंत लालसर छटा येते. शक्यतो त्याच दिवशी फिट-अप करावे. जमत नसेल तर टोकांना प्लास्टिकच्या टोप्या घालून तुकडे छपराखाली, जमिनीपासून उंच ठेवावेत. वेल्डिंगच्या आधी आतून-बाहेरून निदान २५ मिमीपर्यंत गंज, तेल, रंग आणि टर्निंगचे कूलंट पुसून काढावे. उताराच्या कोपऱ्यात कूलंट साचून राहते. तिथे फडका आवर्जून फिरवावा.

टॉर्चने टोक गरम करताना सुरुवातीला पृष्ठभागावर दव धरलेले दिसते. ते पाणी ज्योतीतूनच तयार होऊन थंड धातूवर बसते. तिथेच थांबलो तर जोड पूर्वीपेक्षा ओला राहतो. ते दव पूर्ण उडून धातू हाताला चांगला कोमट लागेपर्यंत गरम करीत राहावे. जाड बाजूला उष्णता आधी आणि अधिक द्यावी. प्रोसिजरमध्ये प्रीहीट सांगितले असेल तर ते दोन्ही भागांतल्या जाड भागाच्या जाडीवरून धरावे. लो हायड्रोजन रॉड ओव्हनमधून काढल्यावर गरम क्विव्हरमध्येच (रॉड तापते ठेवणाऱ्या डब्यातच) ठेवावेत. कोकणच्या दमट हवेत उघड्या पुड्यातले रॉड वापरण्याचा प्रश्नच उद्भवू नये.

फिट-अप

इतके केल्यावर फिट-अप शांतपणे होतो. पाइपच्या आतील व्यासाची जास्तीत जास्त आणि कमीत कमी जागा खडूने दाखवलेली असते. पाइप फिरवून त्या एल्बोच्या तशाच जागांसमोर आणाव्यात. पाइपला शिवण असेल किंवा बोल्टच्या भोकांची दिशा ठरलेली असेल तर फिरवायला मर्यादा येते, म्हणून हा विचार स्पूलच्या पहिल्या जोडापासून करावा. क्लॅम्प लावून हाय-लो गेजने (दोन कडांमधली तफावत मोजणाऱ्या मापकाने) १२, ३, ६ आणि ९ वाजताच्या जागी आणि सर्वांत जास्त फरकाच्या जागी माप घ्यावे. बाहेरची कड जुळवण्याच्या नादात आतली सोडू नये. आत जुळले आणि बाहेर अर्धा मिमी उरला तर तो कॅपमध्ये सामावतो.

रूट गॅप प्रोसिजरप्रमाणे, टिग रूटला सहसा २.४ ते ३.२ मिमी, वाकवलेल्या फिलर रॉडने सांभाळावी. टॅक चार जागी समान अंतरावर मारून त्यांची टोके घासून उतरती करावीत. स्टेनलेस स्टीलमध्ये आर्गॉनचा पर्ज (पाइपमधली हवा काढून गॅस भरणे) सुरू करताना लक्षात ठेवावे की काउंटरबोअर आणि उतारामुळे डॅम (गॅस आत अडवणारा पडदा) पक्का बसत नाही. तो उताराच्या पलीकडे, मूळ व्यासावर बसवावा.

शेवटी जोडाच्या नोंदीत काउंटरबोअरची लांबी, उताराचा कोन आणि तो वेल्डच्या मध्यापासून किती मिलिमीटरवर सुरू होतो याचे छोटे रेखाचित्र जोडून फिल्म वाचणाऱ्याकडे पाठवावे. फिल्मवर उताराची सुरुवात घनतेतल्या बदलासारखी दिसते. ती नेमकी रेखाचित्रातल्या अंतरावर असेल आणि रूटपासून वेगळी असेल तर वाचणारा तिला रचनेची छाया म्हणून सोडून देतो, आणि तसे नसेल तर त्याने जोड परत पाठवणेच योग्य आहे.